हसणाऱ्याची टाच

"देखी उनू. आते तू जाय."

चढाई करून मध्यरेषेच्या अलीकडे आला की तो एवढंच बोलायचा. बघून आलो, आता तू जा. बोलताना समोरच्याकडे पाहायचा नाही. मांडीवरची माती झटकायचा आणि आपल्या जागी जाऊन उभा राहायचा, जणू कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी घेऊन आला आहे. हे शब्द असायचे दिलीपसाठी. मधली समोरच्या संघाची चढाई आटोपली की दिलीप उठायचा, आणि मैदान शिट्ट्यांनी भरून जायचं.

दोघं एकाच संघाचे चढाईपटू. धुळ्यातल्या आमच्या मंडळाचा कबड्डीचा संघ खानदेशात जिथे जिथे खेळला, तिथे मी भोंगे आणि माईक घेऊन बरोबर असायचो. माझा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, सभा, जत्रा, स्पर्धा. भाडं भोंग्यांचं, बोलणं फुकट. कबड्डीचं वर्णन करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. माईक हातात होता आणि तोंड शिवलेलं नव्हतं, एवढंच कारण.

त्याला 'पाहुणा' हे नाव मी दिलं. सगळ्या खानदेशात तो त्याच नावाने ओळखला गेला. ते नाव मी आज परत घेतो, म्हणून इथे त्याला नुसतं 'तो' म्हणणार आहे. धुळ्यात ज्यांना खरं नाव ठाऊक आहे, त्यांना ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सावद्याची फायनल त्याने घालवली, असं आमच्याकडे अजून म्हणतात. ते चूक आहे. ऐंशीच्या जवळ आलो आहे आणि दात जाऊन उच्चारही फुसके झाले आहेत. म्हणून माईक सोडून लिहायला बसलो.

दिलीप तुम्ही पाहिला असेल, निदान त्याच्यासारखा कोणी तरी नक्की पाहिला असेल. उंच, सडपातळ, हात गुडघ्यापर्यंत. मैदानात शिरला की मी खुर्चीवरून उठायचो. "आला, आला! सांभाळा मंडळी! वीज तारेत नाही, आज मैदानात आहे!" लोडशेडिंगचे दिवस होते, लोकांना पटायचं. दिलीप धावत जायचा, कोणाच्या तरी खांद्याला बोट लावायचा आणि चौघांच्या मधून असा सुटून यायचा की पंचांनाही कोण बाद झालं ते खेळाडूंना विचारावं लागायचं.

आणि तो? बुटका, मांड्या मुसळासारख्या, मान खांद्यात रुतलेली. चालत जायचा. 'कबड्डी कबड्डी' असं पुटपुटायचा की पंच कान पुढे करायचे. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं. आतली निदानरेषा ओलांडली की चढाई धरतात, तेवढी ओलांडायची, एकदोनदा वाकायचं आणि परत. कोणाला हात नाही, कोणी बाद नाही, गुण नाही. याला आम्ही रिकामी चढाई म्हणतो. तो दहापैकी नऊ वेळा रिकामा यायचा.

मग मी माईकवर सुरू व्हायचो. "या पाहुणे, या! बसा. पाणी घ्या. चहा टाकू का?... अरे, निघाले पाहुणे! पुन्हा या हं, पुढच्या खेपेला पोरांना घेऊन या!" मैदान लोटपोट हसायचं. आमचे खेळाडू हसायचे, समोरचेही हसायचे. तो नुसता मांडी झटकायचा. "देखी उनू. आते तू जाय."

खेळ सोडला तर तो टायरवाला. धुळ्याबाहेर आग्रा रोडला त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. ट्रक दुकानासमोर थांबायच्या आधीच तो म्हणायचा, "मागचा आतला बसला आहे." ड्रायव्हर उतरून सगळ्या चाकांना लाथा घालत फिरायचा आणि शेवटी मागच्या आतल्याशी येऊन थांबायचा. कसं कळतं असं मी विचारलं तर म्हणायचा, "गाडी लंगडते ना नाना. माणसासारखीच."

त्याची नजर कायम खाली. त्याच्या बायकोने एकदा सांगितलेली गोष्ट. तिचं माहेर सावद्याजवळचं, घरचा केळीचा मळा. हा तिला बघायला गेला. ती चहा घेऊन आली, बसली, दोनचार प्रश्न झाले. याने मान वर केलीच नाही. घरच्यांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे, गुणी आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवशी याने विचारलं, "त्या दिवशी चहा आणताना डाव्या पायावर भार देत नव्हतीस. काही रुतलं होतं का?"

"खरंच रुतला होता हो बाभळीचा काटा," ती म्हणाली. "पाहुणे यायचे म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. आईला दिसलं नाही, बहिणीला दिसलं नाही. यांना दिसलं." मग म्हणाली, "तोंड कसं आहे ते मात्र लग्नातच पाहिलं यांनी."

आता धरणगावची गोष्ट. दुपारचा सामना होता. ऐन रंगात वीज गेली. माझा जनरेटरवाला भजी खायला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात. मी मध्यरेषेच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेलो, हातात मेलेला माईक. बोलता येईना. अशा वेळी माणूस काय करणार? बघत बसलो. इतकी वर्षं मी त्या मैदानांवर बसलो होतो, पण बघितलं असं त्या दिवशी पहिल्यांदा.

तो आत गेला. त्याने डावीकडे अर्धं पाऊल टाकलं, आणि समोरचे सातही जण सरकले. केळीच्या बागेत वारा शिरला की सगळी पानं एका अंगाला कलतात, तसे. त्याने पाऊल मागे घेतलं, पानं परत फिरली. पुन्हा तेच केलं. या वेळी एक पान उशिरा फिरलं. उजव्या कोपऱ्यावरचा दांडगा गडी होता, तो जरा मागे पडला. हा वाकला, त्या गड्याकडे नुसती मान केली, आणि परत आला. मी जवळच होतो आणि माईक बंद होता, म्हणून ऐकू आलं.

"देखी उनू. उजवा कोपराना गुडघा दुखस. मधला पयले उडी मारस. आते तू जाय."

दिलीप गेला. मधला आधी उडी मारणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला उडी मारू दिली आणि त्या दुखऱ्या गुडघेवाल्याला टिपून आला. टाळ्या, शिट्ट्या. सगळ्या दिलीपला.

तो सामना संपेपर्यंत वीज आली नाही आणि माझे डोळे त्याच्या पायांवरून हटले नाहीत. तो नुसता बघून येत नव्हता हो. प्रत्येक चढाईत तो डाव्या कोपऱ्यावरच्या माणसाला एकेक वीत बाहेर ओढत होता. आपण सरकतो आहोत हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. शेवटी शेवटी तिथे बैलगाडी जाईल एवढी जागा झाली आणि दिलीप तिथून दोनदा आत शिरला. त्याने सबंध सामन्यात एकाही माणसाला हात लावला नव्हता. सात माणसं त्याने हात न लावता हलवली होती, आणि मी त्याला वर्षानुवर्षं चहा पाजत होतो.

परतताना पारोळ्याला टेम्पो थांबवला. मी त्याला बाजूला घेतलं.

"अरे, मला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं नाना?"

"मी तुला माईकवर येडा बनवतो. गावंच्या गावं हसतात तुला."

त्याने बशीत चहा ओतला. "हसू द्या. माणूस हसला की त्याची टाच जमिनीला टेकते. कबड्डीत टाच टेकली म्हणजे माणूस बसलाच समजा. परत उठेपर्यंत दिलीप जाऊन येतो."

"काहीतरीच!"

"मग बघा." त्याने आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि त्याच्या सासूबद्दल असं काही विचारलं की ते मला इथे लिहिता येणार नाही. सगळे फुटले. मीही. हसता हसता खाली पाहिलं. माझ्या दोन्ही टाचा चपलेला चिकटलेल्या. ड्रायव्हरच्या चिकटलेल्या. चहावाल्याच्यासुद्धा.

तो गंभीरपणे चहा पीत होता. "फक्त एक करा नाना," तो म्हणाला. "ते 'चहा टाकू का' आहे ना, ते मी आत असताना म्हणत जा. तुम्ही कधी कधी मी निघाल्यावर म्हणता. वाया जातं."

ऐका मंडळी. ज्या थट्टेबद्दल मी माफी मागायला निघालो होतो, ती थट्टा त्या माणसाने केव्हाच कामाला लावली होती. माझा भोंगा त्याच्या चढाईचाच भाग होता आणि मला पत्ता नव्हता.

त्यापुढे आम्ही ठरवून केलं. तो निदानरेषेजवळ पोचला की मी चहा टाकायचो. अमळनेर, चोपडा, शिरपूर, जिथे गेलो तिथे तो आत, मी बाहेर, आणि पाठोपाठ दिलीप. मी एवढा दंग असायचो की कधी कधी शब्द विसरायचो. दिलीपला बघून लोकांचा श्वास थांबायचा, त्याला बघून माझा. लोक मला म्हणत, "नाना, दिलीपसारखा दुसरा होणे नाही." मी "खरंय" म्हणायचो. खरं तर ते होतंच. पण दिलीप कितीही मोठा असला तरी दिसत होता. हा दिसत नव्हता, आणि हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

मग सावदा आलं.

केळीच्या हंगामातली मोठी स्पर्धा. भोवती उभ्या ट्रकच्या टपांवर माणसं. फायनल आमची आणि यजमान संघाची. आणि सावदा म्हणजे त्याची सासरवाडी. बायको माहेरी आलेली होती, ती छोट्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आली. सासरे पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत, बरोबर भावकी. आपला जावई खेळणार म्हणून म्हाताऱ्याने सगळ्यांना गोळा करून आणलं होतं. जावयाला मैदानात काय म्हणतात, हे लेकीने माहेरी कळू दिलेलं नव्हतं.

मी नेहमीसारखा सुरू झालो. गर्दी यजमानांची, तिला आयतंच सापडलं.

"पाहुना, चहा पिऊन जाय ना रे!"

"सासूनं शेव तळली की नाही?"

"रिकाम्या हातानं सासरी येतात का, भाऊ? केळीचा घड तरी आणायचा!"

मलाही चेव आला होता. हसू वाढत होतं, समोरच्या टाचा टेकत होत्या, दिलीप गुण आणत होता. सगळं आमच्या मनासारखं चाललं होतं. शेवटची काही मिनिटं उरली. आम्ही एका गुणाने मागे. तेवढ्यात माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं.

म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि तो आपल्या पंजांकडे बघत बसला होता. शेजारचा कोणी तरी त्याच्या कानाशी लागून हसत होता. मागे बायकांच्या बाजूला त्याची बायको उठली होती. मुलगी "बाबा, बाबा" म्हणून मैदानाकडे बोट दाखवत होती आणि ती तिचा दंड धरून तिला ओढत होती.

मला ते बघवलं नाही. खेळाडू बदलायला खेळ थांबला होता. मी उभा राहिलो.

"थांबा," मी माईकवर म्हणालो. "हसू नका. मी तुम्हाला हसवलं, माझं चुकलं. तुम्ही ज्याला पाहुणा म्हणता, तो या मैदानावरचा सगळ्यात मोठा खेळाडू आहे."

मैदान गप्प झालं. गप्प झालेल्या हजार माणसांसमोर उघडा माईक म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने हातात धरला त्यालाच कळेल. दोन वाक्यांवर थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. तो आत जाऊन काय बघतो ते सांगितलं. कोपरा कसा बाहेर ओढतो ते सांगितलं. दिलीपचा प्रत्येक गुण आधी याच्या पायातून निघतो, असं सांगितलं. आणि हात उंचावून म्हणालो, "तुम्ही हसता ना, तेव्हा तुमची टाच जमिनीला टेकते! त्या टाचेसाठी हा माणूस स्वतःचं हसं करून घेतो!"

टाळ्यांचा पाऊस पडला. ट्रकवरची माणसं टपं बडवू लागली. म्हाताऱ्याने टोपी घातली, नीट केली आणि शेजाऱ्याकडे वळून बघितलं. ती मुलीला घेऊन परत खाली बसली. माझे डोळे भरून आले. त्या टाळ्यांत माझ्याही वाट्याच्या होत्या आणि मी त्या घेतल्या. तिच्यासाठी बोललो, असं मी स्वतःला पुढे किती तरी वर्षं सांगत आलो. पहिली दोन वाक्यं तिच्यासाठी होती. नंतरची माझ्यासाठी होती.

सामना चालू असताना तो कधी माझ्याकडे बघायचा नाही. त्या दिवशी त्याने बघितलं. मला वाटलं, त्याला भरून आलं आहे.

यजमानांचा प्रशिक्षक खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत बसला होता. तो उठला, रेषेपाशी गेला आणि आपल्या पोरांना एवढंच ओरडला, "टाचा वर!"

तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो ते. पण शब्द भोंग्यातून गेलेले होते.

शिट्टी झाली. चढाई त्याची. दिलीप त्याच्या कानाशी वाकून काही बोलला. नंतर दिलीपने सांगितलं, "राहू दे, मी जातो" असं आपण म्हटलं होतं. याने मान हलवली आणि चालत आत गेला.

कोणी हसलं नाही. सबंध मैदान अगदी आदराने बघत होतं. त्याने डावीकडे पाऊल टाकलं, एकही पान हललं नाही. उजवीकडे टाकलं, नाही. सात जण चवड्यांवर उभे. मला वाटलं, वाकेल आणि परत येईल. तो परत फिरला नाही. मी त्याला धावताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उजव्या कोपऱ्यावरच्याच्या छातीला हात लावला, वळता वळता दुसऱ्याच्या खांद्याला लावला. दोन गडी. रेषेला हात पोचला की फायनल आमची.

त्या कोपऱ्याने त्याचा घोटा पकडला. मागून साखळी आवळली. एक पाठीवर, एक कमरेला, एक मानेवर. तो चौघांना घेऊन निघाला. होय, घेऊन. चार जवान माणसं त्याच्या अंगावर आणि तो पुटपुटत, दम न सोडता, मध्यरेषेकडे सरकत होता. जमिनीवरची फक्की त्याच्या कोपरांनी पुसली जात होती. मी आयुष्यात शेकडो चढाया पाहिल्या, दिलीपच्या सगळ्या पाहिल्या. तशी चढाई पाहिली नाही. माझ्या हातात माईक होता, तोंड उघडं होतं, आणि भोंग्यातून आवाज येत नव्हता. शेवटी तो आडवा पडला आणि त्याने हात लांब केला. बोटं पूर्ण ताणली. रेषा वीतभर पुढे राहिली. दिलीपचे हात असते तर पोचले असते.

खाली त्याचा उजवा गुडघा उलटा वळला होता. दम सुटेपर्यंत तो ओरडलासुद्धा नाही.

टेम्पोत मागे त्याला गादीवर निजवला होता. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पुढे पोरं कुजबुजत होती. "पाहुण्याला आज हौस आली." "रिकामं यायचं सोडून हिरो व्हायला गेला." "बायको समोर होती ना!" मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. जो माणूस सुतकातसुद्धा गप्प बसत नाही, तो मी सावद्यापासून धुळ्यापर्यंत एक अक्षर बोललो नाही.

पुढेही बोललो नाही, हे त्याहून वाईट. धुळ्यात लोक भेटायचे, म्हणायचे, "नाना, काय बोललात सावद्याला! काटा आला अंगावर." आणि त्याच दमात, "पण पाहुण्याने घालवली हो." मी पहिल्या वाक्याला हात जोडायचो. दुसऱ्याला गप्प राहायचो.

त्याचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. पाय थोडा वाकलेलाच राहिला आणि उजवी टाच जमिनीला टेकेना. तो चवड्यावर चालायचा. मैदानात परत उतरला नाही. दुकान मात्र चालू होतं. ट्रक यायचे, तो लांबूनच चाक सांगायचा. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. चारपाच वेळा विषय काढला. प्रत्येक वेळी त्याने टोलवला. "नाना, तुमचा डावा भोंगा फाटतो. तो बदला आधी."

शेवटी एकदा मी हट्टाला पेटलो. "तुला कळलं होतं ना त्यांच्या टाचा वर आहेत ते?"

"कळणार नाही? सातच्या सात!" तो टायर चाचपत म्हणाला. "कोंबड्यांसारखे उभे होते. तसं दृश्य मी पाहिलं नव्हतं."

"मग रिकामा परत का नाही आलास?"

त्याने हातातली टायर उचकटायची टॉमी खाली ठेवली. "नाना, तुम्ही तिच्या बापासमोर एवढं बोललात. त्यानंतर मी दोनदा वाकून परत आलो असतो, तर म्हातारा काय म्हणाला असता? जावयाने भोंगेवाल्याला पैसे चारले!"

मला हसू फुटलं. रडायचं होतं आणि हसू फुटलं. आणि माझी नजर आपोआप खाली गेली. माझ्या दोन्ही टाचा जमिनीवर. वर बघितलं तर तोही तिकडेच बघत होता.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"सासऱ्याने त्या दिवसापासून मला जावईबापूशिवाय हाक मारली नाही. पोरगी अजून सांगते, सगळं मैदान बाबांसाठी टाळ्या वाजवत होतं." तो पुन्हा टायरकडे वळला. टायर फिरवता फिरवता म्हणाला, "टाचेचं तेवढं बोलायला नको होतं नाना. तेवढं सोडून बाकी झकास होतं."

यापलीकडे त्याने मला कधी दोष दिला नाही. त्या एका वाक्याने अजून माझी झोप मोडते.

गेल्या थंडीत तो गेला. छातीचं दुखणं, आठवडाभर दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तर नर्सबाई हसत बाहेर पडत होत्या आणि हा पलंगावरून वाकून त्यांच्या पायांकडे बघत होता. मला बघून म्हणाला, "बठ्ठं ठीक शे नाना. डॉक्टरले मात्र हसता येत नही. त्याच्या टाचेचा काही पत्ता लागत नाही."

दिलीप आता शाळेतला निवृत्त क्रीडाशिक्षक. स्मशानातून परतताना तो माझा हात धरून चालत होता. मी त्याला सगळं सांगितलं, सावद्याचं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्ही बोलत होता तेव्हाच मी त्यांच्या पायांकडे पाहिलं होतं. त्यानेच शिकवलं होतं ना बघायला." मग म्हणाला, "लोक मला अजून विचारतात, तुमच्या दोघांत मोठा कोण. माझ्या गुणांतून त्याचा वाटा काढला तर माझ्याकडे काय उरतं नाना? लांब हात."

हे दिलीपने सांगितलं, मी लिहिलं. सावद्याची फायनल त्याने घालवली, असं आता यापुढे कोणी म्हणू नये.

परवा त्याच्या दुकानावर जाऊन आलो. मुलगी दुकान बघते. हे सगळं लिहितो आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिहा आजोबा," आणि मला चहा द्यायला आत वळली. मी दारात उभा होतो. दुकानापुढे काही वर्षांपूर्वी त्याने सिमेंटचा कोबा घातला होता. ओला असतानाच एक ट्रक लंगडत आला, आणि हा तसाच त्यावरून चालत गेला. गवंडी ओरडला, पण याने पुन्हा सारवू दिला नाही. म्हणाला, गिऱ्हाइकाला वाट दिसते.

ती पावलं अजून तशीच आहेत. दारापासून रस्त्यापर्यंत गेली आहेत. डावा पाय अख्खा उमटला आहे, बोटांसकट, टाचेसकट. उजव्याचा नुसता चवडा.

मी त्यांच्या कडेकडेने रस्त्यापर्यंत गेलो. एकावरही पाय पडू दिला नाही.